दोन दारांची गाडी आणि तिचं लायसन

शेवटचं म्हणजे आम्ही टायरांत हवा भरली.

पहूरच्या पुढं हायवेला पंप आहे, तिथं. गाडी माझी बायको चालवत होती, मी डाव्या अंगाला बसलेलो. आमची गाडी जमिनीला इतकी टेकलेली आहे की उतरायचं म्हणजे आधी दोन्ही पाय बाहेर टाकायचे आणि मग दाराला धरून बाकीचा माणूस ओढून काढायचा. मला वेळ लागतो. मी उभा राहीपर्यंत ती अनवाणीच मागच्या चाकाशी जाऊन पोचली होती. चालवताना ती चप्पल घालत नसे. पायाला पेडल कळलं पाहिजे, म्हणायची.

हवेवाल्यानं नळी ओढत आणली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "नाना, किती टाकू?"

"मला काय विचारतो? ड्रायव्हर ती आहे."

तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिनंच सांगितलं, पुढच्या चाकांना किती आणि मागच्यांना किती. काट्यावरचा आकडा तीच वाचायची, मला तो दिसत नाही. एका चाकात त्यानं जास्त भरली तर तिनं परत काढायला लावली.

"काकू, एवढ्यानं काय होतं?"

"वळणवर गाडी सरकस," ती म्हणाली. "तू येशी का धराले?"

तिचं माहेर धुळ्याकडचं. एवढी वर्षं पहूरला काढली, पण आपली अहिराणी बोली तिनं बदलली नाही.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. तिनं गाडी अंगणात घेतली, बंद केली, आत जाऊन खिचडीचा कुकर चढवला आणि तुरीच्या शेंगा घेऊन ओट्यावर सोलायला बसली. मी हातपाय धुवून बाहेर आलो तर ती भिंतीला टेकलेली होती आणि शेंगा ओट्यावर सांडल्या होत्या. शेजारचा माणूस डॉक्टरला घेऊन आला. त्यांनी हात धरून पाहिला, डोळे पाहिले, हार्ट म्हणाले. कुकर तोवर चालूच होता. शेजारणीनं बंद केला.

एवढंच झालं. लोकांना वाटतं शेवटी काहीतरी बोलली असेल, काही निरोप दिला असेल. मला भेटायला आलेल्या बायकांनी तर खोदून खोदून विचारलं. ती शेवटचं बोलली ते यंदा शेंगांना कीड फार आहे, असं. मी हो म्हटलं.

आता गाडीचं सांगतो, कारण त्या दिवसांत आमच्या घरात तोच एक विषय होता. गाडी राहते का जाते. आणि ते सगळं तिच्या लायसनवर येऊन थांबलं होतं.

मी सातवीतून शाळा सोडली आणि ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो. पुढं ड्रायव्हर झालो. फैजपूरकडून केळी भरायची आणि दिल्लीला नेऊन खाली करायची. कांद्याची गाडी रस्त्यात थांबली तरी चालतं, कापसाची थांबली तरी चालतं. केळीची थांबली की माल पिकतो, आणि माल पिकला की व्यापारी तोंड फिरवतो. जन्मभर असा पळत राहिलो. नंतर स्वतःचे ट्रक झाले. मुलगा पुण्याला कंपनीत लागला, मुलगी सुरतेला दिली. मग ट्रक काढून टाकले आणि घरी एक जीप ठेवली.

जीप म्हणजे गावाची. लग्न असलं की जीप, बाळंतीण आणायची की जीप, कुणाचा नवस फेडायचा की जीप. माझा धाकटा भाऊ तर विचारतसुद्धा नसे, खुंटीवरची चावी घेऊन जायचा. आम्हा दोघांना कुठं जायचं म्हटलं तरी निघेपर्यंत मागं सहा जण बसलेले असायचे. एकदा डोळ्यांच्या दवाखान्यात जळगावला जायचं होतं, तर बोदवडपर्यंत एका म्हाताऱ्याला सोडायला लागलं. बोदवड त्या रस्त्यावरसुद्धा नाही.

 घरी आल्यावर ती म्हणाली, "बठ्ठा जल्म मान्सेस्ले जेवाडामा गया. आते तिसरं माणूस बसाले नको, अशी गाडी ल्या."

सगळा जन्म लोकांना जेवू घालण्यात गेला, आता दोघांपुरतीच गाडी, असं म्हणताना तिला वाटलं नसेल की मी खरंच घेईन.

जळगावला एक जिनिंगवाला ओळखीचा होता. त्याच्या शेडमध्ये कापसाच्या गाठींच्या मागं ही गाडी पडून होती. लाल रंगाची, जपानी, दोन दारांची. त्याच्या मुलानं हौसेनं आणलेली, मग तो परदेशात गेला आणि गाडी राहिली. माझ्या मुलानं फोटो बघून सांगितलं, नाना, हिला कूपे म्हणतात, ही शर्यतीच्या घराण्यातली आहे. गावात तिला घोरपड म्हणतात. मागं एक सीट आहे म्हणे. तिथं शेळीसुद्धा बसणार नाही.

जीप देऊन टाकली आणि ती घेतली. जिनिंगवाल्यानं नवीन बॅटरी टाकून चालू करून दिली. बायकोला डाव्या बाजूला बसवलं आणि हायवेला आल्यावर मी एसीचं बटण दाबलं. समोरच्या जाळ्यांतून कापूस उडाला. इतका की पुढचं दिसेना. किती वर्षांचा रुवा आत जाऊन बसला होता देव जाणे. गाडी बाजूला घेतली. तिच्या केसांत, भुवयांत, कुंकवावर कापूस. माझ्याकडं बघून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. येणारे जाणारे ट्रकवाले हॉर्न मारत होते, म्हातारा म्हातारी गाडीत उशी फोडून बसलेत म्हणून.

भाऊ दुसऱ्याच दिवशी आला. पुतण्याच्या साखरपुड्याला गाडी पाहिजे होती.

"घेऊन जा," मी म्हटलं. "दोन जण बसतात."

त्यानं गाडीला एक चक्कर मारली, दार उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "नाना, तुम्ही माणूस मोठे पण बुद्धी..." तिनं आतून चहा आणला. ती इतकी खूष होती की त्याला तिनं दोनदा चहा दिला.

गाडी दिसायला ठीक होती पण आतून वाळलेली होती. रबर म्हणून जेवढं होतं तेवढं सगळं भेगाळलेलं. पहिल्या उन्हाळ्याच्या आधी होसपाइप बदलले, शॉकअप बदलले, चाकांच्या वरची रबरं बदलली. रेडिएटर मोठा बसवला आणि पंखा जास्तीचा लावला, कारण ती गाडी थंड देशात जन्मलेली आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजतो. दिवे मिणमिणते होते, ते चांगले घातले. नवीन बसवलं की जुनं मी गोणीत भरून माळ्यावर ठेवत होतो. टाकून द्यायची सवय नाही म्हणून. पण तेच बरोबर निघालं.

नाशिकचा एक माणूस जुन्या गाड्यांचा शौकीन. त्याला कुणीतरी सांगितलं, पहूरला अशी अशी गाडी आहे. तो हाफ पँट घालून आला. गाडीखाली आडवा झाला, बॉनेट उघडून टॉर्च मारली, काचांच्या कोपऱ्यातले बारीक आकडे वाचले. मी गोणी दाखवली तर त्यानं माझा हातच धरला.

"नाना, हे सोनं आहे. अशा गाड्या आता निघत नाहीत. अजून थोडी वर्षं थांबा, ही क्लासिक होणार. तुम्ही सोयीसाठी बदल करा, पण मूळ सामान जपा. पुढच्या माणसाला ती परत होती तशी करता आली पाहिजे."

"क्लासिक म्हणजे काय?"

"म्हणजे जुनी झाली की लोक मागं लागतात."

ती दारात उभी होती. म्हणाली, "मंग आम्ही दोन्ही कवय व्हसूत क्लासिक?"

आम्ही दोघं कधी होणार, हे ऐकून तो माणूस हसून गेला, पण जाताना मला म्हणाला, विकायची झाली तर पहिला फोन मला करा. तेव्हापासून त्याचे फोन सुरू झाले. दिवाळीला फोन, संक्रांतीला फोन. तब्येत कशी आहे म्हणून आधी माझी विचारायचा, मग गाडीची.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही गाडीचं वाटोळं करून ठेवलं. ऊन असं की डॅशबोर्ड तडकायला लागला. प्लास्टिकचं कव्हर घातलं तर आत भट्टी व्हायची. मग मी जन्मभर जे केलं तेच केलं. ट्रकमध्ये केळी भरताना खाली वर पानं अंथरतात, उन्हाळ्यात वरून ओली पोती टाकतात, माल थंड राहतो. ती म्हणाली, केळी राहते तर गाडी का नाही राहणार? शेजारच्या मळ्यातून पानं आणली. टपापासून बॉनेटपर्यंत पानं, त्यावर गोणपाट, आणि दुपारी ती बोअरच्या पाण्याची नळी धरून उभी. गाडी खरंच थंड राहिली. हात लावला की गार लागायची. आम्ही दोघं इतके शहाणे झालो होतो की विचारू नका.

पावसाच्या तोंडाला पोती काढली. आमच्या बोअरचं पाणी खारं. त्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग रंगाच्या आत जाऊन बसले होते, आणि पानांचा चीक जिथं लागला तिथं काळे पट्टे. केळीचा चीक कपड्याला लागला तर कपडा फाटेल पण डाग जाणार नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पत्र्याला लागेल हे सुचलं नाही.

धुळ्याला एक डेंटिंग-पेंटिंगवाला आहे. त्याचे वडीलही हेच काम करायचे, माझे ट्रक तेच रंगवायचे. त्याच्याकडं नेली. त्यानं गाडीवरून हात फिरवला, बोट चाटून डागावर घासलं आणि मग आमच्या दोघांकडं पाहिलं.

"नाना, हाई गाडी शे. केयीना घड नही."

"मला सांगू नको, तुझ्या काकूला सांग."

"काकू, पिकाडी टाकी ना तुम्ही गाडी!"

ती काय गप्प बसणारी? म्हणाली, "मंग चव पाही ले."

त्यानं ती ठेवून घेतली आणि घासून घासून बरीच सुधारली. सगळी रंगवू का म्हणाला. मी नाशिकवाल्याला फोन लावला, तो ओरडलाच, मूळ रंग आहे, हात लावू देऊ नका. मग राहू दिलं. टपावर डाग आहेत. ती बुटकी होती, तिला टप दिसायचाच नाही. ती म्हणायची सगळे गेले.

त्याच्यानंतर माझा डोळा गेला. साखरेनं उजवा डोळा घेतला. आधी धूर दिसायचा, मग पडदा आला, मग काही नाही. डावा चांगला आहे. लायसन नवं करायचं म्हणजे डॉक्टरचा कागद लागतो. आमचा डॉक्टर ओळखीचा. त्यानं पेन खिशाला लावून ठेवलं. म्हणाला, "नाना, मी सही केली आणि तुम्ही कुणाला उडवलंत, तर मी त्याच्या घरी जाऊन काय सांगू?" बरोबरच होतं त्याचं. जन्मभर गाडी चालवली आणि मुंगी मारली नाही, आता कशाला?

मुलगा पुण्याहून आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. गाडी दारात उभी राहून सडेल. नाशिकवाला चांगल्या घरी नेईल, देऊन टाका. मी तयार झालो होतो. खोटं कशाला बोलू. मी नाशिकवाल्याचा नंबरसुद्धा काढला होता.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी शिकसू."

मुलाला आधी कळलंच नाही. मग हसला. "आई, तू कधी सायकल चालवली का?"

"बैलगाडी चालाडेल शे. ती सायकलपेक्षा मोठी ऱ्हास."

"आई, ही शर्यतीची गाडी आहे."

"मंग बैल काय उभे ऱ्हातस का?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडं बघू नको, मला अर्धंच दिसतं. शेवटी मुलानंच तोड काढली. आईनं पक्कं लायसन काढलं तर गाडी राहील. नाही निघालं तर नाशिकवाला घेऊन जाईल, आणि मग कुणी तोंड वाकडं करायचं नाही. ती म्हणाली चालेल. मीही म्हटलं चालेल. मला मनातून वाटलं होतं आठ दिवसांत कंटाळेल.

ती कंटाळली नाही. आठवडी बाजाराचं मैदान बाजार नसला की रिकामं असतं. तिथं केळीचे क्रेट मांडून द्यायचे आणि मधून गाडी न्यायची. तिनं लुगड्याचा काचा मारला, चप्पल सीटमागं टाकली आणि पहिल्या दिवशी सगळ्या क्रेटवरून गाडी नेली. मी डावीकडं बसून दारावर थाप मारायचो. ट्रकचा क्लीनर मारतो तशी. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तोंडानं सांगितलं तर तिला राग यायचा, थापेचा यायचा नाही.

चहाच्या टपरीवर बसणारे माझ्याच वयाचे, माझ्याबरोबर गाड्या चालवलेले. ते काय सोडतात?

"काय नाना, परत क्लीनर झाले का?"

"बढती झाली," मी म्हणायचो. "पहिला मालक शिव्या द्यायचा, हा खायला घालतो."

"पगार?"

"तो तेव्हाही नव्हता."

खरं सांगू का, मला ते बरं वाटायचं. चाळीस वर्षं रस्ता माझ्या ताब्यात होता, आणि ती घरी वाट बघत होती. आता ती रस्त्याकडं बघायची आणि मी तिच्याकडं. जीभ दातांत धरून गिअर टाकायची. आम्ही दोघं एका ठिकाणी एवढा वेळ बसलो, असं आधी कधी झालं नव्हतं. मागं कुणी नाही, कुणाला सोडायचं नाही, कुणाचा डबा पोचवायचा नाही.

कच्च्या लायसनला जळगावला आरटीओत कॉम्प्युटरवर प्रश्न येतात. ती चौथी शिकलेली, पण वाचायची चांगलं. पहिल्यांदा एका मार्कानं नापास झाली. बाहेर आली तर रागानं लाल.

"काय विचारलं?"

आंधळा माणूस पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडत असेल तर ड्रायव्हरनं काय करावं, असा प्रश्न होता. हॉर्न वाजवावा, वेग कमी करावा, गाडी थांबवावी, असं काहीतरी लिहिलेलं.

"तू काय दाबलं?"

"काहीच दाबं नही. बरोबर उत्तर लिखेलच नव्हतं."

"बरोबर काय मग?"

"आंधयाले गाडीमा बसाडी लेवानं." आणि माझ्या हाताला धरून तिनं मला पायऱ्या उतरवल्या. आजूबाजूचे एजंट हसायला लागले. दुसऱ्यांदा गेली तेव्हा सगळं नीट दाबलं आणि पास झाली.

पक्क्या लायसनची परीक्षा, आम्ही हवा भरली त्याच्या पुढच्याच आठवड्यात होती. एजंट म्हणाला होता, काकू, ड्रायव्हिंगच्या शाळेची लहान गाडी देतो, तिच्यावर द्या. ती म्हणाली, माझी गाडी असताना दुसऱ्याची कशाला? पुढं जायचं तिला सगळं जमत होतं. अडायचं ते मागं घेताना. त्या गाडीच्या गिअरच्या दांडीला गळ्याशी एक कडी आहे. ती दोन बोटांनी वर उचलायची आणि मग दांडी ढकलायची, तरच रिव्हर्स पडतो. ज्याला माहीत नाही त्याला तो गिअर सापडतच नाही. तिची बोटं आखूड. कडी उचलली की क्लच सुटायचा. पण त्या शेवटच्या दुपारी तिनं मैदानावर क्रेटांच्या मधून गाडी वाकडी मागं घेतली, एकही क्रेट हलला नाही, आणि मग परत एकदा घेतली, पहिल्या वेळी चुकून जमलं नव्हतं हे मला दाखवायला. मग म्हणाली, चला, हवा भरू.

त्यानंतर काय झालं ते वर सांगितलंय.

मुलगी सुरतेहून यायची होती म्हणून सकाळपर्यंत ठेवायचं ठरलं. मुलगा पुण्याहून पहाटे पोचला. मुलगीही आली, लेकरं घेऊन. सकाळी अंगणात सगळे जमले आणि मग अडचण लक्षात आली. आमचं अंगण लहान. त्यात मधोमध गाडी, तोंड घराकडं करून. तिला अंघोळ घालायची कुठं, तिरडी बांधायची कुठं, माणसं उभी राहणार कुठं? बांबू घेऊन आलेले लोक फाटकाबाहेर रस्त्यावर थांबले होते.

भाऊ म्हणाला, "गाडी काढा आधी."

चावी पुतण्याला दिली. तो मोठ्या गाड्या चालवतो, त्याला वाटलं काय अवघड आहे. आत शिरतानाच त्याचं डोकं आपटलं. गाडी चालू झाली. त्यानं दांडी इकडं ढकलली, तिकडं ढकलली, कडी त्याला माहीत नाही, आणि क्लच सोडला. गाडी मागं जायच्या ऐवजी पुढं उडी मारून ओट्याच्या दगडाजवळ थांबली. ओट्यावर ती होती. बायका ओरडल्या. पुतण्या उतरला आणि चावी घेऊन बाजूला झाला.

मग कुणी म्हणालं ढकला. पाच सहा जण पुढून लागले. आमच्या फाटकाशी चढ आहे. गाडी सरळ गेली की पोट घासतं, चढावर तिला तिरकी घ्यावी लागते, आणि तिरकी घ्यायची तर आत कुणीतरी स्टेरिंगवर पाहिजे. त्यांनी सरळच ढकलली. खालून आवाज आला.

"हात काढा," मी म्हटलं.

मुलगा जवळ आला. त्याचे डोळे सुजले होते. "नाना, राहू द्या. मी नाशिकवाल्याला फोन करतो, त्याचा माणूस ट्रेलर घेऊन येईल आणि घेऊन जाईल. नाहीतरी आता..."

"नाहीतरी आता काय?"

 त्याची चूक नव्हती. ठरलंच तसं होतं. लायसन निघालं तर गाडी राहील, नाही निघालं तर जाईल, आणि आम्ही सगळ्यांनी चालेल म्हटलं होतं.

मी पुतण्याच्या हातातून चावी घेतली. भाऊ आडवा आला. "नाना, आजच्या दिवशी तुम्ही हात लावायचा नाही. असं कुणी करतं का? आणि तुम्हाला दिसतं कुठं?"

"मागं बघायला एक पुरतो."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तू मुलांना बाजूला घे."

दार उघडून बसलो. माझे गुडघे स्टेरिंगला अडले. तिनं सीट पार पुढं ओढलेली होती, आणि पाठीमागं घडी केलेली गोधडी ठेवलेली. खाली दांडा असतो, तो ओढला की सीट मागं सरकते. मला तो माहीत आहे. मी नाही ओढला. गुडघे बाहेर फाकवले, पोट आत घेतलं. आरसा तिच्या उंचीचा, त्यात मला माझ्या मांड्या दिसत होत्या. आरशाचं काम नव्हतं. मान डावीकडून मागं वळवली, डाव्या डोळ्यासमोर फाटक आलं. माणसं एकदम ओरडायला लागली, डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या, थांबा, येऊ द्या. एकाचंही ऐकलं नाही.

कडी उचलली. गाडी तिरकी केली. मागचं एक चाक चढावर घेतलं, थांबलो, मग दुसरं घेतलं. पोट घासलं नाही. रस्त्यावर आल्यावर सरळ केली आणि समोरच्या भिंतीला धरून लावली. हँडब्रेक ओढला. खाली उतरायला मला वेळ लागला. कुणी हात द्यायला आलं नाही, सगळे नुसते बघत होते.

मुलगा फाटकात उभा होता. हातात फोन होता. हळूच म्हणाला, "मग त्याला काय सांगू?"

"सांग विकायची नाही."

"पण नाना, चालवणार कोण?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. चावी खिशात घातली आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांना सांगितलं, आता बांबू आत घ्या.